जिच्या हातून सुटला

शेवटची चाळीस सेकंदं, आम्ही एका गुणाने पुढे, आणि चेंडू माझ्या हातात. ह्याच्यापेक्षा भारी जागा जगात नाही. चंद्रावर म्हणे माणसं राहायला जाणार आहेत. जा ना बाप्पा. मला फक्त नागपुरातलं आमचं बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान द्या, वरचं सोलरचं छप्पर द्या, आणि शेवटच्या चाळीस सेकंदांत चेंडू द्या.

मग तो माझ्या हातून सुटला.

डावीकडे वळायला गेले, समोरच्या पोरीने मध्येच बोटं घातली, चेंडू घेतला आणि पळाली. दोन गुण. आता आम्ही एकाने मागे. बेंचवरून सगळ्या ओरडायला लागल्या, "टाइमआउट सर! टाइमआउट घ्या!"

गेडाम सरांकडे दोन टाइमआउट शिल्लक होते. ते उभे राहिले, हाताची घडी घातली, आणि रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या सनाला एवढंच म्हणाले, "आर्वीला दे."

हा सरांचा नियम. जिच्या हातून चेंडू सुटला, पुढची चाल तिच्याच हातून सुरू होणार. सराव असो की जिल्ह्याचा सामना, आपण वीसने पुढे असो की एकाने मागे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हात थंड पडायच्या आत परत गरम झाला पाहिजे. नाही तर जन्मभर थंड राहते."

मी घुसले. दोघींच्या मधून. खरंच सांगते, इतकं सुंदर मी कधीच घुसले नव्हते. चेंडू रिंगवर चढला, नाचला, आणि बाहेर पडला. हरलो.

गेल्या वर्षीची आर्वी ठवरे तिथेच बसून रडली असती. ही आर्वी ओरडली, "सर, पुढच्या वेळी टाकते!"

"टाक," सर म्हणाले. "आधी पाणी पी."

गेल्या वर्षीची आर्वी म्हणजे कोण, तेही सांगून टाकते. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणताना जिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता, ती. बारावी झालेल्या पाचही ताया एकदम कॉलेजला गेल्या आणि आमच्या क्रीडा मंडळाची टीम म्हणजे आम्ही नववी-दहावीच्या चिमण्या उरलो, तेव्हा सरांनी मला पॉइंट गार्ड केलं. म्हणजे चेंडू पुढे नेणारी, चाल ठरवणारी. मी रडत म्हटलं होतं, "सर, मला नाही जमणार." त्यानंतर माझ्या हातून इतक्या वेळा चेंडू सुटला, आणि तितक्या वेळा माझ्याच हातात परत आला, की एक दिवस मी घाबरायलाच विसरले. आता मी शाळेत भाषण करते. ऑटोवाल्यांशी भांडते. आई म्हणते, "ह्या पोरीच्या तोंडाला आता झाकण पाहिजे."

त्या सामन्यानंतर मोहरील काका मैदानात आले. मोहरील काका म्हणजे आमच्या मंडळाचे सचिव. तरुणपणी इथेच खेळले आहेत, गुडघा अजून त्याची आठवण देतो. हातात टॅब होता.

"गेडाम, जरतर पाहिलं का?"

"नाही," सर म्हणाले. "सामना पाहिला ना मी."

जरतर हे यंदाच आलं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण पूर्ण जिल्हा त्याला जरतरच म्हणतो. ते काय करते, ते सोपं आहे. छपराला कॅमेरे आहेत. ते प्रत्येक खेळाडूचे खांदे, कोपर, गुडघे, घोटे ठिपक्यांसारखे टिपतात. पूर्ण मोसमभर टिपून टिपून जरतर प्रत्येकीची एक सावली तयार करते. सावली म्हणजे गणितातली तुम्ही. दमल्यावर तुम्ही कोणत्या बाजूला झुकता, घाबरल्यावर पास किती लवकर देता, पाचवी धाव पहिलीपेक्षा किती हळू असते, सगळं तिला ठाऊक. मग जरतर सामना कुठेही थांबवते. समजा, त्या शेवटच्या चाळीस सेकंदांवर. तिथे एकच गोष्ट बदलते: सरांनी टाइमआउट घेतला, किंवा मला बसवून दुसरीला आणलं. आणि उरलेला सामना सावल्यांकडून खेळवते. एकदा नाही, हजारो वेळा. वादळ कुठे जाणार हे हवामानवाले असंच काढतात म्हणे, एकाच वादळाला हजार वाटांनी पळवून.

शेवटी एक आकडा येतो. सर्वांत चांगल्या निर्णयाने किती गुण मिळाले असते आणि खऱ्या निर्णयाने किती मिळाले, ह्यांतला फरक. त्याला 'कोचचा हात' म्हणतात. चांगल्या कोचचा हात शून्याच्या जवळ असतो.

गेडाम सरांचा हात उणे सात होता. दर सामन्याला सात गुण. जिल्ह्यात सगळ्यांत खाली.

"सात, गेडाम," काका म्हणाले. "पोरी बारा सामने हरल्या. त्यातले नऊ तुम्ही हरलात. मी नाही म्हणून राहिलो, हे म्हणून राहिलं आहे."

"टीम नवीन आहे. दोन वर्षं मागितली होती मी."

"दोन वर्षांनी मैदान राहील तर ना! तळाला राहिलो की सकाळची वेळ जाते आपली, महानगरपालिका दुसऱ्यांना देते. मग काय भर दुपारी खेळवता पोरींना?" काकांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "रविवारी बैठक आहे. मला आवडत नाही हे, समजा."

सरांनी मान हलवली आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत गेले.

माझ्या डोक्यात तर रॉकेटच सुटलं. सरांना काढणार? ज्यांनी मला बनवलं त्यांना? मी कॅप्टन होते. कॅप्टनला जरतरचं लॉगिन असते. म्हटलं, थांबा, तुमच्याच यंत्राने तुम्हाला गप्प करते.

कारण मला एक गोष्ट सापडली होती, जी काकांना माहीत नव्हती. जरतरमध्ये आत एक लांब पल्ल्याचा पर्याय आहे. साध्या हिशोबात सावली बदलत नाही, सामना संपला की संपली. लांब पल्ल्यात सावल्या वाढतात. जी खेळते ती शिकते, जी बसते ती गंजते. किती शिकते, किती गंजते, हे देशभरातल्या लाखो पोरापोरींच्या नोंदींवरून काढलेलं असते. म्हणजे 'आज टाइमआउट घेतला असता तर आज काय झालं असतं' एवढंच नाही, तर 'पुढच्या वर्षी काय झालं असतं' हेही विचारता येते. कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना आजचा सामना जिंकायचा असतो.

मी विचारलं. शाळेतून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता.

स्क्रीनवर दोन रेषा आल्या. एक मी, जिला सरांनी प्रत्येक चुकीनंतर चेंडू परत दिला. दुसरी मी, जिला प्रत्येक चुकीनंतर बसवलं. दुसरी रेषा दिवाळीपर्यंत झोपलेली आणि मग सरळ संपलेली. त्या आर्वीने खेळ सोडला होता. पहिली रेषा चढत होती. वर, वर, पुढच्या वर्षी तर थेट विभागाच्या संघाच्या उंबरठ्यावर.

मी खोलीत नाचले. आई म्हणाली, "काय झालं बे, पेपर फुटला का?"

"आई, सर बरोबर होते! यंत्र म्हणते!"

मग बोट थोडं खाली गेलं.

जरतर प्रत्येक उत्तराच्या शेवटी, विचारा की नका विचारू, 'सर्वोत्तम पर्याय' दाखवते. तिथे तिसरी रेषा होती. माझी नव्हतीच. माझ्या जागी अकरा नंबरला खेळवलं असतं तर, अशी. ती रेषा माझ्यापेक्षा लवकर चढत होती आणि माझ्यापेक्षा खूप वर जात होती. त्या पर्यायात आमची टीम बारापैकी दहा सामने जिंकली होती. पुढच्या वर्षी जिल्ह्यात पहिली.

अकरा नंबर म्हणजे ऋजुता काळमेघ.

ऋजुता आणि मी पाचवीपासून एका बाकावर. माझं नाव आर्वी, वर्ध्याजवळच्या गावाचं, म्हणून शाळेत सगळे विचारायचे, "आर्वी आली, मग वर्धा कुठे आहे?" तेव्हापासून ऋजुताचं नाव वर्धाच पडलं. मैदानात पण आम्ही बरोबरच आलो. ती बेंचवर बसायची, टॉवेल नीट घडी करून मांडीवर. कधी दोन-तीन मिनिटं आत यायची, शांतपणे खेळायची, काही चुकायचं नाही, परत जाऊन बसायची. दिवाळीनंतर आलीच नाही. म्हणाली, "अभ्यास आहे." मी म्हटलं, "बरं." शाळेतही तिने पुढचा बाक घेतला. म्हटलं, फळा दिसत नसेल.

तिची खरी रेषा मी शोधली. दिवाळीपाशी संपली होती. बरोबर तिथेच, जिथे ती दुसरी आर्वी संपली होती.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर सर स्टुलावर चढून रिंगला नवीन जाळी बांधत होते. मी खालून एकेक हूक वर देत होते. मी सगळं सांगितलं. चढणारी रेषा आधी, तिसरी रेषा नंतर.

सर बांधत राहिले. मग म्हणाले, "ऋजुता तुझ्यापेक्षा चांगली होती. यंत्राची काय गरज त्याला?"

माझ्या हातातला हूक पडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तिचा पास पाहिला नव्हता का तू? छातीला येऊन टेकायचा."

"मग मला काऊन खेळवलं?"

त्यांनी जाळीची गाठ घट्ट ओढली. खाली आले, स्टुलावर बसले. "तू रडायची. रोज रडायची. मला वाटलं, हिला आज नाही दिला तर ही उद्या येणार नाही. ती रडत नव्हती, मागत नव्हती. मला वाटलं, ही थांबेल." शिट्टीची दोरी परत बोटाभोवती फिरायला लागली. "मागत नाही त्या लेकराला भूक नाही, असं वाटते ना माणसाला. माझ्या घरीही असंच झालं होतं. मी धाकटा. मी रडून घ्यायचो."

"सर, रविवारी मी वरचं दाखवते फक्त. माझी रेषा. खालचं नाही दाखवत."

"तुझी इच्छा."

"तुम्हाला राहायचं नाही का?"

"राहायचं आहे ना," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज माझ्या गेल्या वर्षीच्या आवाजासारखा आला. "दुसरं काय येते मला?"

रविवारी मंडळाच्या खोलीत काका, दोन पालक, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीत सर. भिंतीवर जुन्या ढाली. मी उभी राहिले आणि बोलले. काय बोलले! लांब पल्ला समजावला, सावल्या समजावल्या, भिंतीवर माझी रेषा दाखवली. म्हटलं, "कोचचा हात उणे सात आहे, कारण सर आजचे गुण खर्च करून उद्याची खेळाडू विकत घेत होते. ती खेळाडू मी आहे. बघा मला!"

पालकांतल्या एका काकूंनी टाळ्या वाजवल्या, खरंच. काकाही हसले. "पोरगी तयार झाली आहे, ह्यात वाद नाही." आणि त्यांनी चष्मा वर केला, भिंतीजवळ आले. "मला हे लांबवालं कोणी दाखवलंच नव्हतं. खाली काय आहे?"

"खाली काही नाही, काका."

"सरकते ना हे," म्हणत त्यांनी सरकवलं.

तिसरी रेषा भिंतीवर छतापर्यंत गेली.

"अकरा नंबर कोण?" टाळ्या वाजवणाऱ्या काकूंनी विचारलं.

"काळमेघांची," काका हळू म्हणाले. "सोडून गेली ती." ते सरांकडे वळले. "गेडाम, म्हणजे आजचे सामनेही गेले आणि उद्याचेही. दोन्हीकडून?"

मला राहवलं नाही.

"काका, सरांची चूक झाली. मान्य. चेंडू सरांच्या हातून सुटला. मग नियम काय आहे? जिच्या हातून सुटला, पुढची चाल तिच्याच हातून! आता सरांना माहीत आहे, कुठे चुकलं. आता तर त्यांनाच द्यायला पाहिजे ना! नवीन माणूस येईल, तो कुठे चुकलाच नाही अजून, त्याला काय कळते?"

मला वाटलं, जिंकले. इतकं बरोबर मी कधीच बोलले नव्हते.

काका हसले. वाईट नाही, मायेनेच हसले, तेच जास्त लागलं. "बेटा, म्हणूनच तर हरून राहिलो आहोत ना आपण."

"सर, तुम्ही सांगा ना!"

सर उठले. शिट्टी गळ्यातून काढली, टेबलावर ठेवली. "आर्वी, नियम खेळणाऱ्यांसाठी होता," म्हणाले. "मी तर बाहेर उभा असायचो."

आणि गेले. दार लावतानासुद्धा आवाज केला नाही.

नवीन कोच पंधरा दिवसांत आले. वरद सर, पंचविशीतले, स्वभावाने चांगले, कानात बटणाएवढं यंत्र. सामना चालू असताना जरतर त्यांच्या कानात बोलते. पहिल्याच सामन्यात माझ्या हातून चेंडू सुटला. चेंडू खाली टेकायच्या आत वरद सरांचा हात वर, पंचांची शिट्टी, आणि माझ्या जागी दुसरी. मी बसले. टॉवेल मांडीवर घेतला. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी त्याची घडी करून राहिले आहे.

आम्ही चौदाने जिंकलो. त्यानंतरचाही. त्यानंतरचाही. काकांनी तर्री पोहे मागवले, मैदानाची सकाळ वाचली. कोणी म्हणू नये की यंत्र खोटं बोलते. ते एकदाही खोटं बोललं नाही.

मीही सुधारले. आता माझ्या हातून चेंडू सुटत नाही, कारण तो माझ्या हातात थांबतच नाही. आला की दुसरीला. वरद सर म्हणतात, "गुड, आर्वी, सेफ." परवा हजेरीला बाईंनी माझं नाव दोनदा घेतलं. मी पहिल्या वेळीच 'प्रेझेंट' म्हटलं होतं.

काल शाळा सुटल्यावर मी चेंडू घेऊन ऋजुताच्या बिल्डिंगखाली गेले. ती ट्यूशनची बॅग घेऊन खाली आली.

"काय गं आर्वी? इकडे कशी?"

"वर्धा कुठे आहे, पाहायला आले."

ती हसली नाही. मग थोडी हसली. मी सगळं एका दमात सांगितलं: तिसरी रेषा, बैठक, सर काय म्हणाले ते. ती बॅगेचा बंद नीट करत ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तुझ्याकडे कुठे लॉगिन आहे?"

"त्याला लॉगिन कशाला लागते बे? मी रोज बसून पाहत होते ना."

"मग बोलली काऊन नाही? मला तरी सांगायचं!"

"तुला?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तू किती खूश होतीस."

मी चेंडू पुढे केला. "ये ना परत. वरद सरांना मी सांगते. जरतरच सांगेल त्यांना. ऐक, गेडाम सरांचा नियम होता ना, चांगला नियम होता तो. जिच्या हातून सुटला, तिला परत..."

"आर्वी," ती म्हणाली, "माझ्या हातून कधी सुटलाच नाही गं. सुटायला आधी मिळावा लागतो."

पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी चार्जिंगला लावली होती, तिचा हिरवा दिवा चालू-बंद होत होता. मला काय झालं माहीत नाही. मी दोन पावलं मागे गेले आणि चेंडू तिच्याकडे फेकला. जोरात, वाकडा, गुडघ्याच्या खाली, कोणालाच झेलता येणार नाही असा. मनात म्हणत होते, सोड. एकदा सोड ना. सुटू दे तुझ्या हातून.

तिने बॅग खांद्यावरून न काढता, वाकून, एका हाताने झेलला.

क्षणभर तो तिच्या पंजावर तसाच राहिला. मग तिने परत दिला. माझ्या छातीला येऊन टेकला, नेमका.

"उशीर होते मला," ती म्हणाली, आणि गेटकडे निघाली.